जुना डबा

फायबरवाला पोरगा जाताना म्हणाला,
वैनी, हा जुना डबा टाकून द्या आता,
फोनची तार गेली, याचं काम गेलं.

मी काही पटकन टाकत नाही.
याच डब्यावर सन्मतीची बारावी झाली,
सासऱ्यांनी कुवेतच्या दिराला रोज संध्याकाळी
स्वतःचं अर्धंच कपाळ दाखवलं.
झाकणावर अजून हळदीचं बोट आहे,
कुठल्यातरी खंडेनवमीचं.

बांगडीतली सेफ्टी पिन काढली,
मागच्या बारीक भोकात दहा आकडे दाबून धरली.
दिवे सगळे विझले, मग एकेक आला.
चष्मा लावून त्याला समजावत बसले:
तुझा पत्ता आता एक नाही, दोन.
आलेल्या-गेलेल्याला नंबर वाटायचे नाहीत,
ते नवा बघेल.
तू नुसतं इकडचं तिकडे पोचवायचं.
खाटेवरून सासरे म्हणाले,
"मला बोलतीस व्हय गं?"

टेलिफोनच्या रिकाम्या भोकात कापसाचा बोळा,
गांधीलमाशी आत शिरू नये म्हणून.
केबल पन्नास मीटर, न्हाणीच्या पत्र्यावरून,
शेवग्याला एक सैल वेढा देऊन गोठ्यात.
आढ्याला डबा,
वरून पेंडीच्या पोत्याची टोपी,
खालून मोकळा, नाहीतर तापतो.
शेजारी कॅमेरा, कॅमेऱ्यापुढं मोरणी,
नऊ महिने भरलेली.
नाव मात्र तेच ठेवलं, पासवर्डही तोच.
नवीन काही पाठ होत नाही मला.

गुरुवारी रात्री साडेबाराला
मोबाईलमध्ये करड्या रंगाची मोरणी
उठली, बसली, परत उठली.
हे गाडी घेऊन बेळगावला.
मी बॅटरी घेऊन पळाले.
एकच पाय बाहेर आलेला,
दुसऱ्याचा पत्ता नाही,
आणि सावळीत एवढ्या रात्री हाक मारायची कुणाला.

तेवढ्यात कुंपणापाशी मोटरसायकल थांबली.
कुपवाडची दुसरी पाळी संपवून नियाज,
हातात उजळलेला मोबाईल.
"काकी, तुमचं जुनं नेट आपोआप लागलं की ओ!
आठवीत असताना मागून घेतलेलं..."
म्हटलं, ते राहू दे,
आधी बाह्या सार वर.

दुसरा पाय त्यालाच सापडला.

कालवड झाली. मोरणी तिला चाटत होती,
वर डब्याचे दोन हिरवे दिवे मिचमिचत होते.
नियाज हात धुऊन बादली पालथी घालून बसला
आणि मोबाईलवर काय की उतरवून घेत राहिला,
बराच वेळ.
मी काही बोलले नाही.