शिसं

लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असतं.
ओतणावळीतूनच तसं येतं.
त्यात शिसं भरतात, कमी पडलं तर थोडं आणखी,
जास्त झालं तर खरवडून,
आणि काटा स्थिरावला की त्याच शिशावर
आमच्या खात्याचा शिक्का.
म्हणजे जन्मतः अचूक असं वजन नसतंच,
हे मी एकतीस वर्षं निरीक्षकी करून सांगतो.
पण लबाडही नसतं.
नुसतं पोकळ असतं, अंगठ्याएवढं.

भायखळा, भांडुप, मालाडची मंडई,
हजारो वजनं उलटी करून पाहिली.
कोरलेलं शिसं आधी हाताला कळायचं,
डोळ्याला मागाहून.
आणि कुणी न कोरताही ती उतरतात,
रोजच्या उचलण्याठेवण्यानं.
त्याला आम्ही झीज म्हणायचो, गुन्हा नाही,
आणि पुढची तारीख द्यायचो.

एकदा माहीमच्या बाजारात
चांगुणा कोळणीचा तराजू सापडला खोटा.
माशाच्या पारड्याची एक कडी तुटलेली,
म्हणजे दर तोलाला पंधरा ग्रॅम
गिऱ्हाइकाच्या पदरात.
नियमाला बाजू नसते. जप्ती.
"सासूचा हाय," म्हणाली, "तिच्या टायमापासून असाच."
ठाऊक होतं का तुला, विचारलं,
तर ती हलव्याचे खवले काढत राहिली.
पंचनाम्यात दोष लिहिला.
हेतूला रकाना नव्हता.

आता जे लिहितोय ते खात्यात कधी बोललो नाही.
विक्रोळीत आमचं वाण्याचं दुकान होतं, एका गाळ्याचं.
मी नऊ वर्षांचा, हातात बॅटरी,
आणि अण्णा अर्धा किलोच्या वजनातून
पटाशीनं शिसं काढतायत.
"नीट धर," एवढंच म्हणाले.
धाकट्याच्या हृदयाला भोक होतं
आणि केईएमनं पुढच्या महिन्याची तारीख दिली होती.
तेव्हा परिस्थिती म्हणा. म्हणा खुशाल.
मीही तेच म्हणत आलो.

पण सकाळी दुर्गी आली, पोर कडेवर, उधारीची वही काखेत.
अण्णांनी त्याच वजनानं तांदूळ तोलले,
पुडी बांधता बांधता थांबले,
आणि पोत्यात हात घालून
एक मूठ वर टाकली. न तोलता.
वीस ग्रॅम काढले होते रात्री.
मूठ म्हणजे ऐंशी तरी. कदाचित शंभर.
सगळ्यांना नव्हती ती मूठ,
वर्कशॉपच्या फोरमनला नव्हती, मास्तरांनाही नाही.

चोरीचं कारण मला पाठ आहे,
तारखेसकट, पावतीसकट.
मुठीचं सापडत नाही.
कधी वाटतं, ती मूठच अण्णा, बाकी सगळी झीज.
कधी वाटतं, मूठ म्हणजे रात्रीची भीती,
दिवसा पांढरी होऊन आलेली.
आणि आजोबाही म्हणे टाकायचे मूठ, घोडनदीला,
मग तीही ओतलेलीच की कुणीतरी.

आमची प्रमाण वजनं
दर दोन वर्षांनी वरच्या प्रयोगशाळेत जायची,
मखमलीच्या पेटीत, चिमट्यानं उचलून.
त्यांची त्याच्याही वर.
सगळ्यात वरचं कशाशी ताडतात, मी नोकरी नवी असताना विचारलं.
साहेब म्हणाले, चहा घे.

धाकटा जगला. ठाण्याला असतो,
सोसायटीच्या हिशेबात रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही.
मी त्याला त्या रात्रीचं सांगितलेलं नाही.

ते वजन माझ्याकडेच आहे,
खिडकीत, वर्तमानपत्रांवर ठेवलेलं.
परवा पाहिलं तर नातीनं
त्या भोकात चिंचोका बसवलाय,
कुणी सांगितलं नव्हतं तिला.
चांगला घट्ट बसलाय.
काटा आहे घरात,
पण अजून तोललेलं नाही.