खंडाचा दिवस

माझा करार अकरा महिन्यांचा.
मग एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा.
सलग ठेवलं तर माणूस कायम होतो म्हणे,
दुधाला विरजण लागावं तसा.

पहिला खंड एक जूनला पडला होता.
दुसरा दोन मेला. तिसरा तीन एप्रिलला.
असा तो दरवेळी महिनाभर मागे सरकत
पंधरा वर्षांत सगळं कॅलेंडर फिरून आला.
एकदा ऐन दिवाळीत आला.
एकदा आमच्या मुली विद्यापीठाची फायनल खेळत होत्या त्या दिवशी,
तेव्हा मी तिकीट काढून प्रेक्षकांत बसलो
आणि ओरडलो मात्र कोचसारखा.

नूतन तांडेल. वरळीची. चढाईला गेली की
समोरच्या सातजणी आधी तिचे पाय बघायच्या.
कॉलेजने तिचा फोटो दादरला लावला, चाळीस फुटी,
खाली ‘प्रवेश सुरू’.
तिला फी माफ, हॉस्टेलवर एक खाट,
आणि महिन्याला अडीच हजार मानधन.
मानधन. किती बेतून केलेला शब्द.
मान म्हणावा तर सोबत धन आहे,
धन म्हणावं तर, मान राखा, मोजू नका.

डिसेंबरात पकडीत गुडघा फिरला.
आवाज मी बाजूच्या बाकावरून ऐकला.
ऑपरेशनचे तीन लाख दहा हजार.
कॉलेज म्हणालं, ती विद्यार्थिनी, कामगार नव्हे,
नुकसानभरपाईचा प्रश्न येतो कुठे?
आणि त्याच पाकिटात दुसरा कागद:
तीन वर्षांच्या आत दुसऱ्या संघाकडून खेळल्यास
आजवरचं सगळं मानधन परत.
लंगडत का होईना, ती कोणाकडून खेळणार होती?

तिच्या वकील काझी मॅडम. वांद्र्याचं कोर्ट.
मला साक्षीचं समन्स.
प्राचार्यांनी बोलावून चहा पाजला.
“पाटेकर, तुमचं नूतनीकरण सतरा तारखेला आहे ना?”
एवढंच. बिस्किटंही होती.

साक्षीची तारीख पडली सोळा मार्च.
माझा सोळावा खंड.

कॉलेजच्या वकिलांनी चष्मा पुसत सुरुवात केली:
“आपण माझ्या अशिलांकडे नोकरीस आहात?”
म्हटलं, आज नाही.
टायपिस्ट थांबली. “‘आज नाही’ असंच घेऊ, साहेब?”
साहेब म्हणाले, घ्या.

मग मी पिशवीतून वही काढली.
निळं कव्हर, कोपरे दुमडलेले.
सराव पहाटे साडेपाचला.
पाच मिनिटं उशीर, मानधनातून पन्नास कापायचे.
गैरहजर, दीडशे.
तांडेल: जुलैत दोनशे, ऑगस्टमध्ये साडेतीनशे,
त्या महिन्यात तिची आई आजारी होती.
सगळं अक्षर माझं.
सगळ्या सह्या माझ्या.
वर्गात उशिरा आलेल्या पोरीचे
कोण पैसे कापतं, साहेब?
हे काझी मॅडमनी विचारलं. मी वहीकडे बघत होतो.

वही कॉलेजची की माझी, यावर पाऊण तास गेला.
शेवटी ती निशाणी अकरा झाली
आणि शिपायाने तिच्यावर शिक्का मारला.

बाहेर नूतन कुबडी भिंतीला टेकवून उभी.
“सर, तुम्ही माझे किती कापलेत ते मोजलंत कधी?”
मोजलं नव्हतं.
तिने मोजलं होतं. चार हजार तीनशे.
ती हे रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी फोन आला नाही.
रात्रीही नाही. निकाल कधी, ते कोर्टालाच ठाऊक.

सतराला जाग आली नेहमीच्याच वेळी.
करार नव्हता, तरी मैदानावर गेलो,
वॉचमनने तरी काही विचारलं नाही.
मुली चुन्याच्या रेषा ओढत होत्या.
पाच चाळीसला शेवटची एक धावत आली,
केस ओले, बूट हातात,
आणि सवयीने माझ्यासमोर येऊन मान खाली घालून उभी राहिली.

मी सवयीने खिशातून पेन काढलं
आणि वही शोधू लागलो.