नवसागर

पाचच पानं आली डब्यात.
पाकिटावर छापलं होतं : थंडीत वापरू नये.
नाशकात त्या सकाळी सात अंश.
आणि कस्टमवाल्यांनी किती घेतले
ते मी घरात अजून सांगितलेलं नाही.

ही फिल्म एकदा मेलेली.
कारखान्याला कुलूप, यंत्रं भंगारात,
मग कुणी दोन-चार हट्टी माणसं
जुनी कृती हुडकायला बसली,
अर्धी सापडली, अर्धी अंदाजाने.
गेलेल्या माणसाच्या हातचं लोणचं
पुन्हा घालून बघावं, तसं.

कॅमेरा देवळाली कॅम्पातला,
बंद स्टुडिओतून उचललेला. सागवानी,
पितळी कोपऱ्यांचा, भाता दोन जागी चिकटपट्टीने सांधलेला.
किती जवान याच्यासमोर ताठ बसले असतील
गावी पाठवायच्या फोटोसाठी.
काळं कापड वेगळं आणलं नाही,
आईची चंद्रकळा घेते डोक्यावरून.
आत डांबरगोळ्यांचा वास
आणि काचेवर उलटी टांगलेली गंगा.

पहिलं पान घाटावर गेलं.
सरकपट्टी ओढायचीच राहिली.
दोन मिनिटांनी सोललं, काळंकुळकुळीत.
फुगेवाल्याचा पोरगा डोकावून म्हणाला,
"रात्रीचा आलाय."

दुसरं दुतोंड्या मारुतीचं.
पूर नाही, पाणी नाही,
तरी थंडीने रसायन गारठलं
आणि मारुती गळ्यापर्यंत निळा.

तिसऱ्याबद्दल मी बोलत नाही.

चौथं घेऊन भांडी बाजारात,
दस्तगीरचाचांच्या कल्हईच्या दुकानात.
दुकान म्हणजे एक खड्डा, निखारे,
हाताने फिरवायचा भाता.
माझ्या भात्याकडे बघून म्हणाले,
"तुझा आवाज करत नाही गं."
मग स्वतःच चंद्रकळेत शिरले.
बराच वेळ काही नाही.
"पातेली वर, मी नाही, आणि तो रस्ता आभाळात.
बोहनी व्हायचीय अजून. सरळ कर."

सरळ होत नाही म्हटलं.
दोन सेकंद हलायचं नाही म्हटलं.
"मी नाही हलणार. पातेलं तापलंय, त्याला सांग."
त्यांनी नवसागर टाकला, भस्सकन धूर,
कथलाचा तुकडा, कापसाचा बोळा,
तांब्याच्या पोटात चांदणं फिरत गेलं
आणि मी तेवढ्यात दाबलं.

पान रुळांतून ओढलं. बोटं बधिर.
ऊब लागते याला, म्हणाले मी.
"किती?"
अंगाइतकी.
त्यांनी कोपऱ्यातले तांब्याचे दोन पत्रे
निखाऱ्यांवर धरले, मनगटाच्या मागच्या बाजूने पाहिले,
पुन्हा धरले, पुन्हा पाहिले.
"घे. आता बाळाला चालेल."
पत्र्यांमध्ये फिल्म, फिल्म काखेत,
मी भर बाजारात उभी
ताप मोजायला सांगितल्यासारखी.
दोन बायका हंडा ठेवून थांबल्या.

सोललं.
चाचा होते.
दाढीचा केसन्‌केस, चष्म्याची बांधलेली दोरी.
हात मात्र नव्हता, हाताच्या जागी
पांढरट फराटा, कामाला गेलेला.
आणि वरचा कोपरा कोरा, सपशेल.
इथे रसायन पोचलंच नाही, मी सांगितलं,
यांची नळी अजून नीट फुटत नाही.
"पोचलं नाही कसं? धूर आहे तो. नवसागराचा."
बोट ठेवून दाखवलं.
मी पुन्हा बघितलं. काय सांगू,
मलाही आता ठरवता येईना.

"दुसरी कॉपी?"
एकच निघते.
"मग ही माझी."
दरपत्रकाच्या शेजारी खिळ्याला लावली,
मग खिळा काढून फक्त टाचणीने कडेला अडकवली.
"टिकेल किती?"
बनवणाऱ्यांनाही नक्की माहीत नाही.
"कल्हईपण वर्षभरच. पुढे परत ये म्हणायचं."

मला राहिला तो दुसरा पापुद्रा,
चिकट, टाकायचा असतो तो. वर्तमानपत्रात गुंडाळून आणला.
पाचवं पान फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्यामागे.
त्या पातेल्याला त्यांनी कल्हई करून दिली,
पैसे घेतले, पूर्ण घेतले,
फोटोचे मात्र विचारले नाहीत.