नात्याचा रकाना

माशांच्या खोलीला खिडकी नाही.
सहाशे टाक्या, पाणी अठ्ठावीस अंश,
दिवे सकाळी आठला आपोआप.
बाहेर क्लीव्हलँडमध्ये गुडघाभर बर्फ असो की काही असो,
इथे उजाडलं की मासे अंडी घालतात
आणि ब्रिजेट ह्लावाटी ती मोजते.
दोन वर्षं मोजतेय.
मेलेलं अंडं दुधाळ, जिवंत काचेसारखं,
हे तिला मीच शिकवलं. पण शिफारसपत्र
माझं चालत नाही. मी टाक्या धुतो.

मागे एका उन्हाळ्यात हॉलिसही होता, सहा आठवडे.
पोरगा वाईट नाही. दार धरून थांबायचा,
एकदा माझ्यासाठी डोनट आणले होते.
आजोबांचं तैलचित्र खाली लिफ्टसमोर,
काका मूत्रपिंडात, आत्या भूल देते.
शोधनिबंधात त्याचं नाव चौथं लागलं.
ब्रिजेटचं आभारात,
त्यातही एक अक्षर गळालेलं.
राहू दे ओडेल, म्हणाली,
अंडी तर बरोबर मोजली होती ना.

आज जेवणाच्या सुट्टीत तिने अर्ज उघडला.
संशोधनाचे तास: एकोणीसशे चाळीस.
ते झरझर भरले.
मग तो रकाना,
या संस्थेत आपले कोणी नातेवाईक
शिकले आहेत का, शिकवतात का?
मी म्हटलं, सोड कोरा, पुढे जा,
वशिला नाही म्हणून कोणी फासावर देत नाही.
ती हसली नाही.
सँडविच तसंच हातात.
आमचे आजोबा आहेत ना इथे, म्हणाली.

मला वाटलं, पहारेकरी असतील. किंवा धुलाईत.

चौथ्या मजल्यावर. शरीररचना विभागात.
गेल्या ऑगस्टपासून.

तीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस,
जाताना स्वतः सही करून गेला:
पुरायचा खर्च वाचेल,
आणि पोरं काहीतरी शिकतील.
तिथे नाव सांगत नाहीत. नंबर असतो.

पंप घुरघुरत राहिला.
मला आठवला ऑक्टोबरातला हॉलिस, आता पहिल्या वर्षाला,
लिफ्टमध्ये, अंगाला तो वास,
चेहरा उतरलेला.
फुप्फुसं इतकी काळी असू शकतात
हे मला माहीत नव्हतं, म्हणाला होता.

काळ्या फुप्फुसांची माणसं या गावात ढिगाने.
मी तिला काही बोललो नाही.

तिने टाइप केलं: एमिल ह्लावाटी.
रकान्याला पदवीचं वर्ष हवं होतं,
त्याशिवाय पान पुढे सरकेना.
ती थोडा वेळ बघत बसली,
मग एकेक अक्षर मागे घेतलं,
सावकाश, झोपलेल्या माणसाचे बूट काढावेत तसं.

दोन वाजले. खाद्याची वेळ.
मी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली,
ती शेवटच्या.