खाट क्रमांक एकेचाळीस

मानकं अठ्ठावीस पानांची.
शाळेत पाढे पाठ केले तशी मी ती केलीत:
इतक्या विद्यार्थ्यांमागे इतक्या खाटा,
इतक्या खाटांवर इतके टक्के माणसं,
शवविच्छेदनाच्या टेबलांमध्ये इतकं अंतर,
आणि वाचनालयात आवाज न करणारे पंखे.

झाशी रोडवर, ग्वाल्हेर मागे पडतं
आणि मोहरीची शेतं लागतात,
तिथे आमचं कॉलेज.
मी रेकॉर्ड सेक्शनचा फाळके.

पथक येणार, म्हणून आदल्या रात्री
बरण्यांमधलं फॉर्मलिन बदललं.
दतियाहून सात प्राध्यापक आले.
त्यांच्या नावांच्या पाट्या मीच दारांना चिकटवल्या.
त्यांतले एक मलाच विचारत होते,
"अहो, माझं डिपार्टमेंट कुठलं?"

पहाटे डबऱ्याकडून दोन टेम्पो.
माणशी दीडशे रुपये, दोन वेळचं जेवण.
केसपेपर मी रात्रीच भरून ठेवले होते,
विषम खाटांना ताप, सम खाटांना पोटदुखी.
एकेचाळीसवर बैजंतीबाई.
म्हणजे ताप.

केतकी मुजुमदार, तिसरं वर्ष,
तिला फक्त खाटेशेजारी उभं राहायचं होतं,
गळ्यात स्टेथोस्कोप दिसेल असं.
तिने तो बाईच्या छातीला लावला.
डोळे मिटले.
कुशीवर वळायला सांगून पुन्हा लावला.
पूर्ण वॉर्डात घाई, चादरी ओढल्या जातायत,
आणि ही पोर ऐकतेय.

"फाळके काका, एकेचाळीसचा कागद चुकलाय."
"बेटा, सगळेच चुकलेत."
"नाही, हिची झडप आकसलीय. घरघर येतेय, स्पष्ट."

तेवढ्यात पथक आलंच.
साहेबांनी विचारलं, "क्या तकलीफ़ है?"
बैजंतीबाई शिकवलेलं बोलली,
"तीन दिन से बुखार।"
मग माझ्याकडे बघत, न शिकवलेलं:
"और सीढ़ी चढ़ूँ तो साँस फूलती है।"
साहेबांचं पेन तोवर
त्रेचाळीसवर टेकलं होतं.

चार वाजता त्रुटी शून्य.
डीनच्या केबिनमधून गजकचे डबे फिरले,
दतियावाल्यांना एकेक जास्तीचा.

टेम्पो सुरू होऊन थरथरत होता.
केतकी फळीला धरून, चाकावर पाय ठेवून
बाईच्या हातात चिठ्ठी कोंबत होती:
इको, सोमवारी, ओपीडी नंबर चार, मला विचारा.
ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, उतरो।
ये अब मरीज़ नहीं है।"

बैजंतीबाईला वाचता येतं का,
कुणीच विचारलं नव्हतं.
माझ्या फॉर्ममध्येही तो रकाना नाही.

रात्री डिस्चार्ज रजिस्टर घेऊन बसलो.
एक ते चाळीस, बरे होऊन घरी.
बेचाळीसपासून पुढेही, बरे होऊन घरी.
मधली ओळ कोरी ठेवली.
एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
रजिस्टरात कोरी जागा.

पुढच्या तपासणीत कुणी बोट ठेवलं,
तर ती त्रुटी माझी.