खिडकीची कड किती रुंद?

एप्रिल अर्धा सरला तरी आवारात बर्फाचे मळके ढीग,
मूस जॉच्या कडेला, धान्याच्या कोठारांपलीकडे,
जिथे मी एकवीस वर्षं चाकांवरची घरं विकतोय.
गिऱ्हाईक आलं की मी म्हणतो, इंजिन.
मी म्हणतो, टाकी किती लिटरची, लिटरला किलोमीटर किती.
वर्ना थॉरवाल्डसन आली ती शिंप्याची टेप घेऊन,
आणि म्हणाली, खिडकीची कड किती रुंद?

शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई.
चाळीस पोरं मागे ओरडत असताना
तेहतीस हिवाळे तिने निसरड्या रस्त्यावर काढले.
गाडीची लांबी तिला काय सांगणार मी.
तिला विचारायचं होतं ते वेगळंच:
वाळूचा ट्रे कुठे राहील, जेवणापासून लांब
पण चौदा वर्षांच्या म्हाताऱ्याला अंधारात सापडेल असा.
बेडवर चढायला मध्ये पायरी आहे का.
भर जुलैत वीज गेली, आणि मी दुकानात असले,
तर आत किती तापेल, किती मिनिटांत.

याचं उत्तर माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

मी तिला मोठी दाखवली. सगळ्यांनाच दाखवतो.
बटण दाबलं की अख्खी भिंत बाहेर सरकते,
खोटी शेकोटी पेटते.
ऑरिनला हीच हवी होती, ती म्हणाली,
कॅटलॉगच्या त्या पानाचा कोपरा अजून दुमडलेला आहे.
मग वाकून तिने सरकत्या भिंतीखाली हात घातला.
कोपरापर्यंत गेला.
"इथे जाऊन बसेल तो. आणि मी बटण दाबीन."
मी बटणावरचं बोट काढून घेतलं.

शनिवारी ती दोघांना घेऊनच आली,
दोन पिंजरे, दोन्हींना सीटबेल्ट.
रेव्हरंड, काळा, गळ्यापाशी तेवढा पांढरा,
आणि बीट, तांबूस, जिला कुणीच आवडत नाही.
मांजरी म्हणे पिलांना सात घरं फिरवते.
इथे दोन मांजरं एका बाईला फिरवत होती,
आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे मी.
पहिल्या गाडीत रेव्हरंडने छताकडे बघून शिव्या दिल्या.
दुसरीत बीट शेगडीवर जाऊन बसली.
तिसरीचं कार्पेट मी नंतर पुसलं.
पुढच्या एक-दोन आता आठवत नाहीत.

कुंपणाला लागून एक जुनी व्हॅन होती,
कुठल्याशा दंतवैद्याची, मासेमारीच्या वासाची,
भिंती जागच्या जागी.
रेव्हरंड ड्रायव्हरच्या सीटखाली शिरला तो शिरलाच.
"आवडली वाटतं," मी म्हणालो, धंद्याची सवय.
"घाबरलाय," ती म्हणाली.

मग आम्ही दोघं जमिनीवर पालथे, गाल मॅटला टेकवून,
पाऊण तास, मध्ये ट्यूना माशाचा उघडा डबा.
सीटखालच्या दोन हिरव्या ठिपक्यांशी बोलल्यासारखं ती म्हणाली,
घरात सात खोल्या आहेत, क्लायव्ह.
ऑरिन गेल्यापासून रोज रात्री अकराला
ही दोघं एकेक खोली तपासतात. कपाटंसुद्धा.
इथे एकच आहे.
लवकर आटपेल.

मी काही बोललो नाही. डबा थोडा पुढे सरकवला.

कड पाच इंच भरली. बीटला नऊ लागतात.
रविवारी माझी सुट्टी, तरी जाऊन फळी बसवली मी,
कडा घासून गोल केल्या, बिलात धरली नाही.
मुलगा म्हणाला, बाबा, असा धंदा होत नाही.
खरंय त्याचं.

मंगळवारी ती गाडी घेऊन निघाली.
फळी रिकामी. चालत्या गाडीत पिंजऱ्यातच, हा तिचा नियम.
फाटकाच्या पुढे रेल्वेचे रूळ आहेत.
दोन्हीकडे मैलोनमैल सपाट, एक कावळासुद्धा नाही.
ती थांबली तरी.
बसचं दार उघडायची तसं दार नाही उघडलं,
काच तेवढी चार बोटं खाली घेतली,
ऐकलं,
आणि मग रूळ ओलांडले.