पाण्याचा दिवस

चौथ्या दिवशी पाणी. कधी पाचव्या.
वेळ कुणी सांगत नाही, इरप्पा सांगतो.
नळात आधी हवा येते, सुस्कारा टाकल्यासारखी,
ती त्याला झोपेतही ऐकू येते.
दिसत नाही त्याला, तरी
जिना उतरताना दिवा लावतो,
आमच्यासाठी.

मग सगळं घर उठतं. रात्रीचे दोन, अडीच.
शमशाद चाकाच्या खुर्चीत पाइप धरते
मांडीवर, तान्ह्या पोरासारखा.
पेंटय्या बादल्या मोजतो.
सतरानंतर त्याला थेट वीस येतात,
म्हणून वहीत आमच्या दोन बादल्या नेहमी जास्त.

माझं काम गच्चीवर.
टाकी भरली की ओरडायचं : पुरे.

बाप माझा मागावर होता.
धोटा अडकला की माग थांबवून
बोटानं हलकेच सोडवायचा.
माझ्या तोंडात प अडकतो,
मान डावीकडे ओढली जाते,
हात हवेत काहीतरी शोधत राहतो,
आणि टाकी वाहते.

घरी माझी वाक्यं वहिनी पूर्ण करायची.
च म्हणेपर्यंत हातात पाण्याचा पेला.
वीस वर्षं मी
नको असलेलं पाणी प्यालो.

इथं बिराजदारबाईंनी एकदा हिशेब काढला :
दर खेपेला दोन बादल्या वाया.
मी म्हटलं, शमशादला द्या हे काम,
तिचा आवाज पार नाक्यापर्यंत जातो.
(म्हटलं म्हणजे, म्हणायला वेळ लागला.
बाई चष्मा पुसत थांबल्या.)
मग म्हणाल्या, "तिला गच्ची चढता येते होय?"
आणि ओघळाखाली मिरच्या लावल्या.

पेंटय्याला विचाराल तर काहीच वाया जात नाही.
दोन जास्त, दोन गेल्या. वही जुळते.

यंदा मिरच्या अशा लागल्या
की शेंगाचटणी कुटताना अख्खं घर शिंकत होतं,
शमशाद शिव्या देत, हसत.
डबाभर भावाला पाठवली.
त्याचा फोन आला :
"लय तिखट रे, चिदानंद! कुणी केली?
बरं, ठेवतो, दुकानात गिऱ्हाईक आहे."

मी उत्तर पूर्ण केलं तरीही,
बंद फोनमध्ये, सगळ्या अक्षरांसकट.

इरप्पा शेजारी बसून देठं खुडत होता.
म्हणाला, "ऐकलं."